‘मिसळत नाहीत’ : आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीस आणि सभासदांस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त परवा नोटीस बोर्डावर लागलं. पार्किंगचे पट्टे, लिफ्टचं वार्षिक कंत्राट, गच्चीवरच्या टाकीची सफाई, हे सगळं झाल्यावर खाली ठराव क्रमांक 9 आहे. यापुढे आफ्रिकन देशांतील व्यक्तींना सदनिका भाड्याने देऊ नये, आणि सध्या असलेल्या भाडेकरूंचा करार संपल्यावर त्याचे नूतनीकरण करू नये. कारणं दिली आहेत त्यातलं पहिलंच वाक्य असं: ‘सदर भाडेकरू सोसायटीच्या सामाजिक जीवनात मिसळत नाहीत.’

सदर भाडेकरू म्हणजे बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहणारी मुलगी. आफ्रिकेतलं असं सध्या सोसायटीत तेवढं एकच माणूस आहे, तेव्हा हे अनेकवचन आदरार्थी असणार. आदर दाखवायची ही आपली पहिलीच वेळ, म्हणून नोंद करून ठेवते.

फ्लॅट माझ्या मुलाचा आहे, व्यवहार मी बघते. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मी सभेला नव्हते. असते तर बोलले असते, ते आता लिहिते. कार्यकारिणीच्या नावाने बंद पाकीट दिलं असतं, पण बंद पाकिटाचं काय होतं ते मला माहीत आहे. सरकारी खात्यात 31 वर्षं मी तीच फायलीला लावत होते. शिवाय असे ठराव पुण्यात आपल्याच सोसायटीत होतात असं नाही, तेव्हा इतरांनीही वाचलं तर बरं. मुलीचं नाव मी लिहीत नाही. तिने तशी परवानगी दिलेली नाही, आणि आपल्यापैकी कुणी ते तिला कधी विचारलेलंही नाही.

आधी नियमाचं उरकते. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, नोंदणी केलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत द्यायची, पोलिसांकडे माहिती द्यायची. मी दर कराराच्या वेळी हे करते. भाडेकरू परदेशी, म्हणून ती राहायला आल्यावर 24 तासांच्या आत सी-फॉर्मही भरला होता. त्याची प्रत सचिवांकडे आहे. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सेवाशुल्काच्या 10 टक्के, दर तिमाहीला बिनबोभाट भरते. माझ्या मते हा ठराव उपनिबंधकांपुढे एक तारीखही टिकणार नाही. पण उपनिबंधक काही कुणाला नमस्काराचं उत्तर द्यायला लावू शकत नाहीत, म्हणून हे पत्र.

दुसरं, माझं स्वतःचं. 2022च्या जुलैत एजंट तिला घेऊन आला. ती खाली रिक्षापाशी दोन बॅगा घेऊन उभी होती आणि हा मला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाला, ‘मॅडम, आफ्रिकन आहे, दोन हजार वरचे सांगा. त्यांना कुणी देत नाही, ती देईल.’ मी सांगितले. तिने दिले. त्याआधी अकरा फ्लॅट बघून झाले होते, हे मला पुढे कळलं. त्यातल्या चार जणांनी फोनवर ‘या’ म्हटलं होतं, आणि ती दारात दिसल्यावर फ्लॅट नेमका तेवढ्यातच गेला होता. ते वरचे दोन हजार मी पहिल्या करारभर दर महिन्याला घेतले. दुसऱ्या कराराला कमी केले, पण घेतलेले परत दिले नाहीत. तेव्हा हे लिहिणारी बाई धुतल्या तांदळासारखी आहे असं कुणी समजू नये.

आता मुलीबद्दल, कारण चौथं वर्ष लागलं तरी तिच्याविषयी आपल्याला ‘ती आफ्रिकन’ यापलीकडे काही माहीत नाही. ती टांझानियाची. म्वांझा नावाचं शहर आहे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, तिथली. इथे बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आफ्रिकेत 54 देश आहेत आणि ‘आफ्रिकेत तुमच्याकडे कसं असतं?’ या प्रश्नाला ती आता ‘आशियात तुमच्याकडे कसं असतं?’ असा उलट प्रश्न करते.

पहिल्याच दिवशी तिने मला ‘मामा’ अशी हाक मारली. वॉचमन हसला. मला वाटलं, हिला कुणीतरी मुद्दाम चुकीचं शिकवलंय. तर त्यांच्या स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई, आणि आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला तसंच म्हणतात. काका म्हणजे भाऊ. दादा म्हणजे बहीण! बाबा मात्र दोन्हीकडे बाबाच. पुढे महिनाभर आमचा हाच खेळ चालला होता. साबणाला साबुनी, हिशेबाला हेसाबु, दुकानाला डुका, पैशाला पेसा, चपातीला चपातीच. यात चमत्कार काही नाही. काही शब्द अरबीतून दोन्हीकडे गेले, काही आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तिकडे उतरले. हिवाळ्यात वारा इकडून तिकडे वाहायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिकडून इकडे, त्यावर शेकडो वर्षं ये-जा चालली. मुंबईहून टांझानियातलं दार-एस-सलाम आजही फ्रँकफर्टपेक्षा जवळ आहे. मंडईत माठाची जुडी दिसली तेव्हा ती ‘म्चिचा!’ म्हणून ओरडलीच. त्यांच्याकडे तीच भाजी नारळाच्या दुधात आणि दाण्याच्या कुटात करतात. रंगालाही त्यांच्याकडे रांगी म्हणतात. हा शब्द मात्र तिने सोसायटीत फारसा वापरला नसावा. गरज पडली नाही.

एक घोळ घड्याळाचा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या जुन्या घटकांसारखे. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. पहिल्या महिन्यात तिने प्लंबरला तीनला बोलावलं आणि नऊपासून वाट बघत बसली. तो दुपारी तीनला आला. दोघंही वेळेवर होते.

आता ‘मिसळत नाहीत’कडे येते.

त्यांच्याकडे लहानाने मोठ्याला पाहिलं की ‘शिकामू’ म्हणायचं आणि मोठ्याने ‘मराहाबा’ म्हणायचं. शिकामूचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरते’ असा सांगतात, म्हणजे आपला वाकून केलेला नमस्कारच. मराहाबा आलं नाही तर लहानाने समजायचं की आपलं काहीतरी चुकलंय. मी तिला त्याऐवजी ‘नमस्कार’ शिकवलं. ती गेटवर, जिन्यात, लिफ्टपाशी दिसेल त्या ज्येष्ठाला ‘नमस्कार काका’ म्हणायची (मराठी अर्थाने काका). एकदा मी बरोबर होते. आपल्याच विंगमधले एक गृहस्थ लिफ्टच्या दाराशी उभे होते. तिने नमस्कार केला. त्यांनी वरच्या लाल आकड्यांकडे पाहिलं. लिफ्ट आली, आम्ही दोघी आत गेलो, आणि ते म्हणाले, ‘व्हा पुढे, मी येतो मागून.’ सहा माणसांची लिफ्ट. काय झालं हे माझ्या ध्यानात येईपर्यंत दुसरा मजला आला होता. तिच्या ते दार बंद व्हायच्या आधीच ध्यानात आलं असणार. हल्ली ती जिन्याने जाते. विचारलं तर म्हणते, व्यायाम होतो.

हे पुण्यात घडतंय ही आणखी एक गंमत. आपण मुळातच कुठे फार गोड बोलतो? पहिल्या आठवड्यात ती दुपारी दीडला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि दुकानदाराने तिच्या डोळ्यांदेखत शटर ओढलं. तिला वाटलं, आपल्याला बघून ओढलं. मी तिला समजावलं की बाई गं, एक ते चार ते आम्हालाही बघून ओढतात. ती खूप हसली. पण नंतर म्हणाली, ‘मामा, मला दोन्हीतला फरक कळत नाही, म्हणून मी प्रत्येक वेळी घाबरते.’ आता तिला कळतो. पुणेरी तुसडेपणा कुठे संपतो आणि दुसरं काही कुठे सुरू होतं, हे ती माझ्यापेक्षा लवकर ओळखते. बी.फार्म.बरोबर एवढं शिक्षण आपण तिला फुकट दिलं.

गणपतीचं सविस्तर सांगायला हवं, कारण इतिवृत्तात ‘गणेशोत्सवासही उपस्थित राहत नाहीत’ असं लिहिलंय.

2022 साली करोनानंतरचा पहिला मोकळा गणपती होता. ती आरतीला आली. माझा पंजाबी ड्रेस घातला होता, तो तिला आखूड होत होता. मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती, आपल्यातल्या निम्म्यांपेक्षा तालात. कुणीतरी तिचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, ‘बाप्पाची विदेशी भक्त’, खाली हसरे चेहरे. तेही ठीक. पण आरती चालू असताना एक लहान मुलगा धावत आला आणि त्याने तिच्या वेण्यांना हात लावला. लहान मूल ते, लावणारच; ती खाली वाकली सुद्धा, त्याला नीट धरता यावं म्हणून. त्याच्या आईने त्याला मागे ओढलं आणि पदराने त्याचा हात पुसला. मी पाहिलं. मुलीनेही पाहिलं. त्या वहिनींनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. हात आपोआप गेला, आणि मला तेच जास्त लागलं. मी काही बोलले नाही. ‘घालीन लोटांगण’ म्हणत राहिले.

दुसऱ्या वर्षी ती दोन दिवस आधी माझ्याकडे आली: ‘मामा, मला काम दे.’ मोदकांचा घाट होता. त्यांच्याकडचं रोजचं जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाची घट्ट उकडच ती. ती घोटायला मनगटात काय जोर लागतो तो मी तिच्या स्वयंपाकघरात पाहिलाय. आपल्या हॉलमध्ये चार-पाच जणी सकाळपासून उकड मळून दमल्या होत्या. मी तिला घेऊन गेले. तिला पाहिल्यावर सगळ्या एकदम फार चांगलं बोलायला लागल्या. ‘अहो, तुम्ही पाहुण्या, तुम्ही कशाला? तुम्ही बसा.’ प्लास्टिकची खुर्ची आणली, पंखा तिच्याकडे वळवला. दीड तास ती त्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली. सोवळ्याचा प्रश्न होता असं मागून माझ्या कानावर आलं. असेल. पण निम्मे मोदक बाहेरून मागवले होते आणि तिथे उकड कोण काढतं हे विचारायला कुणी फोन केल्याचं मला आठवत नाही.

त्या रात्री तिने मला एक म्हण सांगितली: ‘म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे.’ पाहुणा दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. आपल्याकडे तीन दिवस राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढतात, म्हणून मला आधी वाटलं की ही म्हणही त्याच जातीची. तिने मान हलवली. कामाला लावून हाकलायचं असाही अर्थ काही लोक घेतात, म्हणाली, पण आमच्या आजीच्या घरी तो तसा नव्हता. कुदळ हातात आली की माणूस पाहुणा राहत नाही, घरचा होतो. त्याला शेत दाखवलं जातं, त्याच्यावर ओरडता येतं. ‘मामा, तुमच्याकडे मी अजून पहिल्या दिवसावरच आहे.’

तिसऱ्या वर्षापासून ती गणपतीला येत नाही. ते मात्र इतिवृत्तात आलं.

दिवाळीचंही तसंच. पहिल्या दिवाळीत तिने मांदाझी केल्या. नारळाच्या दुधात मळलेली, वेलची घातलेली गोडसर तळणी. शंकरपाळ्याची फुगलेली थोरली बहीण समजा. माझ्याकडून सहा स्टीलचे डबे नेले. त्यांच्यात दारात उभं राहून ‘होडी’ म्हणायचं आणि आतून ‘करीबू’, म्हणजे या, असं आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तिने बेलही वाजवली आणि सवयीने ‘होडी’ही म्हणाली. दोन दारं उघडलीच नाहीत. भिंगामागे उजेड हलला तेवढा. तिघांनी ‘थँक्यू’ म्हणून डबा आत घेतला आणि तिसऱ्या दिवशी कामवालीबरोबर परत पाठवला. स्वच्छ घासलेला, कोरडा, रिकामा. दिलेला डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, ही रीत मी टांझानियातून आणलेली नाही. तुमच्या-माझ्या आयांची आहे. सहावा डबा खाली वॉचमनच्या बायकोला दिला होता. तो त्याच संध्याकाळी वर आला, आत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली शेंगदाण्याची चटणी. ती चार दिवस चपातीला लावून तेच खात होती. वॉचमनच्या कुटुंबात ती चांगली मिसळली आहे. सभेत त्यांना मत नसतं.

तुमच्या खऱ्या तक्रारी मी झाकणार नाही. 2023च्या डिसेंबरात तिच्याकडे मैत्रिणी आल्या होत्या आणि रात्री साडेअकरापर्यंत गाणी चालू होती. चूक होती. मी तिला बोलले, आणि दुसऱ्या दिवशी तिने मजल्यावरच्या सगळ्या दारांखालून माफीची चिठ्ठी सरकवली. (आपल्याकडे बारशाला लावलेल्या डीजेबद्दल मला अजून एकही चिठ्ठी आलेली नाही.) वासाची तक्रारही खरी. घरून तिच्यासाठी सुकी मासळी येते, सरोवरातली बोटभर मासोळी. ‘हे काय?’ म्हटलं तर म्हणाली, ‘दगा.’ मी दचकलेच. नावच ते आहे तिचं, दगा. आमच्या देवगडच्या सुकटीची सख्खी बहीण, आणि तव्यावर टाकली की वास तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरतो हे मी मान्य करते. पण 1994 साली सुकट भाजल्याबद्दल याच सोसायटीत माझ्याही दाराशी लोक आले होते. तेव्हा कोकणी लोकांना फ्लॅट देऊ नये असा ठराव कुणी मांडला नाही. खिडकी उघडी ठेवा म्हणाले. ठेवते.

राहिली पेपरातल्या बातम्यांची गोष्ट. अमली पदार्थांच्या प्रकरणात नायजेरियन पकडला अशी बातमी आली की कात्रण ग्रुपवर येतं आणि त्यानंतर दोन दिवस वॉचमनला हिची पिशवी बघायला सांगितलं जातं. नायजेरिया खंडाच्या पश्चिम भागात, टांझानिया पूर्व किनाऱ्यावर. गुन्हेगाराला पोलिसांनी जरूर पकडावं. पण एकाचं दुसऱ्यावर कसं जातं याची कल्पना असू द्या. 31 जानेवारी 2016ला बेंगळुरूमध्ये एका सुदानी विद्यार्थ्याच्या गाडीखाली एक बाई गेली. थोड्या वेळाने तिथून दुसऱ्या गाडीतून टांझानियाची एक विद्यार्थिनी मित्रांबरोबर जात होती. अपघाताशी तिचा काडीचा संबंध नव्हता. जमावाने त्यांना बाहेर ओढून मारलं, तिचे कपडे फाडले, गाडी जाळली. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत काँगोच्या एका तरुणाला रिक्षावरून झालेल्या भांडणात ठेचून मारलं. पुढच्या वर्षी ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. गोव्यात 2013 साली एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली होती. या मुलीच्या आईने हे सगळं म्वांझात बसून वाचलं होतं, आणि तरी ‘पुणं शिक्षणाचं शहर आहे’ म्हणून लेकीला पाठवलं. विद्येचं माहेरघर आपणच म्हणतो ना? माहेरी आलेल्या मुलीला करार कधी संपतोय असं विचारत नाहीत.

अध्यक्षमहोदय, तुमच्या दिवाणखान्यात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा जो मोठा फोटो आहे, घुमटाच्या इमारतीचा, त्या इमारतीचं नाव सुदान ब्लॉक आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या बचावासाठी भारतीय सैनिक लढले, त्यांच्या स्मरणार्थ सुदान सरकारने एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर आपल्या वाट्याला सत्तर हजार आले आणि ते त्या इमारतीत गेले. तुमच्या चिरंजीवांचं शिक्षण त्या छपराखाली झालं. आपल्याकडे दुसऱ्या मजल्यावर मागे एक सुदानी मुलगा होता, आठवतो? गेटवरच्या रजिस्टरात त्याला रोज येता-जाता सही करायला लावायचे, बाकी कुणालाच नाही. आठ महिन्यांनी तो न बोलता गेला.

आणि सभेत ज्या सभासदांनी ‘हबशी’ म्हणून हशा मिळवला, ते आपल्या ट्रेकिंग ग्रुपचे इतिहासाचे जाणकार आहेत म्हणून सांगते. हबशी म्हणजे हबश देशाचा, म्हणजे इथिओपियाचा. 1548च्या सुमारास तिथे जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा इथे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने 1610 साली खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं. 1624 साली भातवडीला त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. मलिक अंबरच्या दरबारात मराठे सरदार मिसळत होते की तो त्यांच्यात मिसळत होता, हे तुम्हीच पुढच्या ट्रेकला सांगा.

विठोबा काळाच ना, असं म्हणून मी कुणाला गप्प करणार नाही. ते सगळ्यांनाच सुचतं, आणि विठोबा भाड्याने घर मागत फिरत नाही. आपल्याकडे मुलगी बघायला गेल्यावर ‘सावळी आहे पण नाकीडोळी नीटस’ म्हणतात. मलाही म्हणाले होते. तो ‘पण’ आपल्या घरातच जन्मलाय, या मुलीने तो विमानातून आणला नाही.

2025च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडमध्ये आपल्या लोकांवर हल्ले झाले, दूतावासाने सावध राहा म्हणून सूचना काढली, तेव्हा आपला ग्रुप तीन दिवस पेटला होता. रास्तच होतं. आपल्यातल्या दोघांची मुलं डब्लिनला आहेत. ‘रात्री बसमध्ये आवाज करून मराठीत बोलू नकोस’ असं लेकाला फोनवर सांगताना एका आईचा आवाज कसा झाला होता ते मी ऐकलंय. त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या मुलीने मला विचारलं, ‘तुमची मुलं बरी आहेत ना तिकडे?’ सोसायटीतल्या मुलांची चौकशी करणं याला मिसळणं म्हणत असतील तर तेही नोंदवा.

शेवटचा मुद्दा ए विंगमधल्या कोरियन कुटुंबाचा. भली माणसं आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दोन वर्षांत त्यांना मी गणपतीत पाहिलं नाही, दिवाळीत नाही, सभेत तर नाहीच. त्यांच्या मिसळण्याबद्दल इतिवृत्तात अक्षर नाही. उलट ‘किती शांत लोक आहेत’ असं आपण म्हणतो.

माझं मागणं असं. ठराव 9 मागे घ्या. नाही घेतलात तर मी उपनिबंधकांकडे जाणार आहे, आणि अर्ज कसा लिहायचा ते मला येतं. तिचा करार मार्चमध्ये संपतो आणि परीक्षा त्यानंतर आहे, तेव्हा करार वाढणार, हे आत्ताच कळवते. पुढच्या कराराच्या डिपॉझिटमध्ये मी पहिल्या वर्षीचे जास्तीचे पैसे वळते करून देणार आहे. तेही जाहीर सांगते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तिच्याशी गोड बोला असं मी म्हणत नाही. खुर्ची तर मुळीच देऊ नका.

ठराव क्रमांक 4 प्रमाणे येत्या शनिवारी गच्चीवर टाकीच्या सफाईचं श्रमदान आहे. वीस नावं हवी होती, काल रात्रीपर्यंत अकरा होती. बारावं नाव तिचं. तिने स्वतःच्या हाताने, देवनागरीत लिहिलंय. र जरा उलटा झालाय, पण वाचता येतो. खराटा माझा घेऊन येईल. सकाळी सात वाजता, म्हणजे तिच्या एक वाजता.

आपली,
बी विंग, दुसरा मजला